आधी जेव, देश नंतर सांग

पुण्याहून राहात्याला जायला आगगाडी आहे, हे मला माहीत होतं. वाचकांपैकी कुणी हुशारीने तसं सुचवण्याआधीच सांगून टाकते. आम्ही बैलगाडीने गेलो ते आबांच्या हुकमामुळे. "म्हादबा गूळ घेऊन नगरच्या पेठेत येनार हाय. परत येताना त्याच्याच गाडीत पोरीला आना," असं त्यांनी शाळामास्तरांकडून कार्डावर लिहून घेतलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. "पोरगी हितंच ठिवायची का न्हाई, ते बघून ठरवू."

पोरगी म्हणजे सुमी, वय वर्षं सात, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली. तिचे यजमान किसनराव, म्हणजे आबांचा धाकटा मुलगा, लष्करात मोटार चालवायला म्हणून भरती झाले आणि इटलीत बेपत्ता झाले. लढाई संपून चार महिने झाले तरी त्यांचा पत्ता नव्हता. सुमी दोन वर्षांची असल्यापासून माझ्याजवळ. मी मुलींच्या शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि सुमीशिवाय माझ्या घरात दुसरं माणूस नाही. तेव्हा पंचेचाळीसच्या थंडीतला हा प्रवास काही देवदर्शनाचा नव्हता. जाताना आम्ही दोघी होतो, येताना किती असू ते कुणी सांगावं! नगरपर्यंत मोटारीने जायचं, पुढे म्हादबाच्या गाडीतून.

केडगाव, गुरुवार

नगर दोन मैलांवर दिसायला लागलं आणि केडगावला आमच्या सर्व्हिस मोटारीचं चाक बसलं. ड्रायव्हर म्हणाला, "दोन तास धरा." शेजारच्या बाकावरचे रहीमचाचा, कल्हई करणारे, उतरता उतरता म्हणाले, "बाई, लेकराला घेऊन उन्हात काय बसता? माझं घर ते काय, चिंचेखाली."

घराच्या दाराला गोणपाटाचा पडदा होता. चाचा आत शिरले, मागोमाग मीही पाय उचलला, आणि पाहते तर सुमी बाहेरच उभी. हात जोडून, पाय जुळवून, पडद्याकडे बघत.

"आत ये की बेटी," चाचा म्हणाले.

"असं नाही म्हणायचं," सुमीने त्यांना समजावलं. "मी म्हणणार, मी लांबून आलेय. मग तुम्ही म्हणायचं, आधी जेव, देश नंतर सांग."

आता हे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच झालं. आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी 'पाहुणा-पाहुणा' चालतो. एकीने यजमान व्हायचं, एकीने पाहुणा. देश ठरवायचा आणि त्या देशाच्या रीतीने घर चालवायचं. चीन असला की माझ्या विणकामाच्या सुयांनी भात खायचा. निम्मा सतरंजीवर सांडतो, तो दुसऱ्या दिवशी मुंग्या खातात. अरबस्तान असला की इवल्याशा कपातून तीनदा कॉफी घ्यायची, चौथ्यांदा कप हलवून पुरे म्हणायचं. विलायत असली की काट्याने पोळी खायची शिक्षा. जपानच्या वेळी गुडघ्यांवर बसून वाकायचं, तर शेजारच्या काकू भर लढाईत माझ्यावर डाफरल्या होत्या, "अहो, शत्रूला कसले नमस्कार शिकवता!" मी म्हटलं, नमस्कार कुठे शत्रू असतो? माझी जीभ अशी, त्याला इलाज नाही.

पुस्तकातला भूगोल मुलींच्या डोक्यावरून जातो, हे मी दहा वर्षं बघत होते. जेवणातून आणि बसण्या-उठण्यातून तो पोटात जातो. पण खेळ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. किसनरावांचं इटलीहून एक पत्र आलं होतं, त्यावरून तो सुरू झाला. पाहुण्याने उंबऱ्याबाहेर थांबायचं, यजमानाने बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, आणि आधी जेवण मग चौकशी, हे तिन्ही नियम त्या पत्रातले.

रहीमचाचा पडदा धरून गंभीरपणे म्हणाले, "बेटी, आधी जेव. देश नंतर सांग." त्यांच्या सुनेने तांब्या आणि पसरट भांडं आणून आमच्या हातांवर पाणी घातलं, आम्हाला उठू दिलं नाही. मग एकाच मोठ्या ताटाभोवती सगळे. मसूर, ज्वारीची भाकरी, कांदा. आमच्याकडे पुण्यात दारात उभं करून "चहा घेणार का?" असं विचारतात आणि 'का'वर असा जोर देतात की पाहुणा नको म्हणूनच मोकळा होतो. सुमीने सुनेला विचारून पाणी घालायची रीत पक्की केली. त्या दोन तासांत मी आबांना साफ विसरले होते.

शिंगणापूर, शनिवार

नगरला म्हादबा भेटला. आबांचा पुतण्या, पन्नाशीचा, बोलायला कमी आणि देवाला फार भिणारा. त्याला शिंगणापूरला शनीला तेल वाहायचा नवस होता, म्हणून गाडी आडवाटेने गेली. शुक्रवारचा दिवस धुळीत गेला. शनिवारी सकाळी आम्ही पोचलो.

ज्यांनी हे गाव पाहिलं नाही त्यांना खरं वाटणार नाही, पण तिथल्या घरांना दारं नाहीत. चौकटी आहेत, भिंती आहेत, आत भांडी चकचकतात, दाणे भरलेल्या कणग्या आहेत, आणि दार म्हणून फळकूट नाही. कुत्रं शिरू नये म्हणून कुठे काटक्यांचं झापड, इतकंच. गावाची राखण शनी करतो, चोरी करणाऱ्याचं वाटोळं होतं, अशी ठाम श्रद्धा. मला घरी कुलूप लावून तीनदा ओढून बघायची सवय. मी बघतच राहिले.

देवाला देऊळही नाही. उघड्यावर चौथरा, त्यावर काळी शिळा. म्हादबा आंघोळ करून ओलेत्याने वर गेला. बायकांनी खालीच थांबायचं. मी खालून त्याला तेल वाहताना बघत होते. पाचेक मिनिटं गेली असतील, वळून पाहिलं तर सुमी नाही.

आधी वाटलं, गाडीकडे गेली असेल. गाडीत नव्हती. आडावर नव्हती. शनिवार, लांबलांबचे लोक आलेले. मी हाका मारत सुटले. पायातली चप्पल कुठे गेली ते कळलं नाही. आडाच्या कठड्यावरून वाकून पाण्यात बघितलं ते मला अजून आठवतं. मी काय सांगणार होते आबांना? तुमच्या मुलाची एकुलती एक खूण मी दर्शनाच्या गर्दीत हरवली?

अर्ध्या तासाने एका गल्लीच्या तोंडाशी बायकांचा घोळका दिसला. मी माणसं बाजूला सारत आत घुसले. एका घराच्या मधोमध सुमी मांडी घालून बसली होती. पुढ्यात टोपलीतली अर्धी बाजरीची भाकरी आणि रिकामी दह्याची वाटी. ओठांना दही. 

घराची मालकीण गोदाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन नुकतीच रानातून आली होती. भारा तसाच डोक्यावर.

कुणीतरी पुटपुटलं, "शनिवारी, अन् शिंगनापुरात. न इचारता उचललं पोरीनं."

तेवढ्यात म्हादबा ओलेत्यानेच धावत आला. त्याने वाटी पाहिली आणि कानांना हात लावले. "बाई, ह्यो काय घात केला पोरीनं! देवाच्या दारात चोरी!"

"चोरी नाही!" मी ओरडले. "सात वर्षांचं लेकरू आहे ते!" आणि सुमीला दंडाला धरून उठवलं. "अगं, तुला नियम माहीत आहे ना? दाराशी थांबायचं ना?"

सुमीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण मावशी, दारच नाहीये. मी शोधलं. मग मला वाटलं, या देशात थांबायचं नसतं."

 गोदाबाईंनी भारा उतरवला, सुमीच्या तोंडाचं दही पदराने पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरीला मारू नका. भाकरीचं काय न्हाई, तिनं मागितली असती तर दोन दिल्या असत्या. पर बाई, दार न्हाई म्हून उंबरा न्हाई, असं नसतं. हितं तर लई जपून पाय टाकावा लागतो. तुमी तिला दाराशी थांबाय शिकिवलं. मानसापाशी थांबाय शिकवा."

दहा वर्षं मास्तरकी करून मला इतकं खरं कुणी सुनावलं नव्हतं. सुयांनी भात खायला शिकवला, वाकायला शिकवलं, आणि घर म्हणजे कुणाचं तरी असतं हे सांगायचं राहून गेलं. मी गोदाबाईंच्या पाया पडले. त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधून सुमीच्या हातात दिली. "आता ही मी दिलेली हाय," म्हणाल्या.

म्हादबाने मात्र दुसऱ्यांदा आंघोळ केली, दुसऱ्यांदा तेल वाहिलं. गाडी जुंपताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आबास्नी सांगावं लागंल."

राहुरीची वाट, रविवार

मी त्याची विनवणी केली, मग त्याच्याशी भांडले, मग पुन्हा विनवणी केली. "म्हादबा, पोरगी माझ्यापासून तुटेल हो. एवढं एक पोटात ठेवा."

"बाई, मी आबांचं मीठ खातो. आन् शनीम्होरं घडलेलं दडवलं तर माझंच वाटुळं हुईल." आणि त्याने बैल हाकारले. 

मुळेच्या पात्रात थांबून आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. पुढे पाटाचं पाणी लागलं तशी जमीन एकदम हिरवी झाली, दोन्ही बाजूंना ऊस, मोसंबीच्या बागा. एरवी मी या देखाव्यावर दोन पानं लिहिली असती. खरं सांगायचं तर मी काही पाहिलं नाही. सुमी माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, "मावशी, आबा कुठल्या देशाचे आहेत? त्यांच्याकडे काय रीत आहे?"

"त्यांच्यासमोर तुझ्या बाबांचं नाव काढायचं नाही, ही रीत," मी म्हणाले.

ते खरंच होतं. किसनराव बापाला न विचारता भरती झाले होते. निघताना मोठं भांडण झालं, आणि आबांनी त्यांच्या नावाची आंघोळ केल्यासारखं बोलणं टाकलं. त्यांची पत्रं पुण्याला यायची, ती आबांनी कधी मागितली नाहीत आणि मीही मानापोटी कधी पाठवली नाहीत. बेपत्ता असल्याचा सरकारी कागद तेवढा राहात्याला गेला.

राहाता, सोमवार आणि मंगळवार

आबा ओसरीवर बसले होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा. त्यांनी सुमीला जवळ घेतलं नाही, पण तिच्या कपाळाकडे फार वेळ बघितलं. कपाळ किसनरावांचं आहे. थोरल्या काकूंनी, म्हणजे किसनरावांच्या वहिनींनी, पायांवर पाणी घातलं, गूळ दिला. आणि म्हादबाने बैल सोडायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. एक गोष्ट वाढवून सांगितली नाही की लपवली नाही.

आबांनी शांतपणे ऐकलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "कसला ख्योळ शिकिवता तुमी पोरीला?"

मी सांगितलं. चीन, अरबस्तान, जपान. सांगताना मलाच ते पोरकट वाटायला लागलं.

"म्हंजे जग दावता तिला. माझ्या किसनालाबी जगच बघायचं हुतं." ते नाव त्यांच्या तोंडून आलं तशा काकू दारातच थबकल्या. "गेला. कागद आला. येक दिला जगाला, दुसरं देनार न्हाई. पोर हितं ऱ्हाईल. तुमी उंद्या म्हादबासंगं चितळी ठेसनावर जावा."

मी पुष्कळ बोलले. तिची शाळा, तिची सवय, माझी पाच वर्षं. शेवटी मला रडू आलं आणि त्याचाच राग आला. आबा उठून गोठ्यात गेले.

मंगळवारी सकाळी मी माझं सामान बांधत होते.  सुमीचे कपडे निराळे काढून ठेवायचे होते आणि एकेक परकर मी दोनदोनदा घडी घालत होते. बाहेर काकूंचा आवाज आला, "अगं बया, ही काय सोंग घिऊन उभी ऱ्हायलीया!"

अंगणात, ओसरीच्या पायरीखाली, सुमी उभी होती. म्हादबाचा घोंगडीचा कोट अंगात, टाचांपर्यंत आलेला, डोक्याला माझा मफलर. पाय जुळवलेले. आबा समोर ओसरीवर सुपारी कातरत होते.

"मी लांबून आलोय," सुमी म्हणाली.

"आत ये. उनात काय उभी ऱ्हातीस?"

"असं नाही. तुम्ही इटलीतली आजी आहात. मी बाबा आहे."

आबांच्या हातातला अडकित्ता थांबला. म्हादबा गोठ्याच्या दारात, मी खिडकीत. मी मनात म्हटलं, संपलं. आबा उठले आणि परसात निघून गेले.

सुमी हलली नाही. काकूंनी दुधाचा पेला दाखवला, म्हादबाने दटावलं. ऊन वर आलं, तिच्या नाकावर घाम आला. शेवटी मीच जाऊन तिचा हात धरला. "चल बाळ, पुरे. आबांना हा खेळ येत नाही."

"बाबा पण थांबला होता," ती म्हणाली. "पत्रात आहे. गोदाबाई म्हणाल्या, माणसापाशी थांबायचं. मी आबांपाशी थांबलेय."

"कसलं पत्र?" आबा ओसरीच्या टोकाला परतले होते.

मी ट्रंकेतून पत्र काढलं. कितीदा वाचलं होतं ते! खेळाचे नियम त्यातूनच घेतले, आणि त्यातली एक ओळ मी प्रत्येक वेळी नुसती डोळ्याखालून घातली होती. त्या दिवशी आबांसमोर उभी राहून मोठ्याने वाचताना ती ओळ, आबांच्या नावाची, मी दोनदा वाचली. किसनरावांनी लिहिलं होतं:

"पाऊस फार होता. गाडी चिखलात रुतली. डोंगरात एक घर दिसलं, आत एकटी म्हातारी. बरोबरचे दोघं सरळ आत शिरायला निघाले, हातात बंदूक असली की माणूस विचारत नाही. मी त्यांना अडवलं. आबांनी लहानपणी कानफटीत मारून शिकवलंय, कुणी ये म्हटल्याशिवाय परक्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. उपाशी मेलास तरी नाही. म्हणून भिजत उभे राहिलो. म्हातारीने बराच वेळ बघितलं. मग हाताने आत बोलावलं, तोंडाकडे बोट दाखवलं, म्हणजे आधी खा. चेस्टनट नावाच्या फळाच्या पिठाची भाकरी होती, आपल्या नाचणीच्या रंगाची. खाऊन झाल्यावर तिने माझ्या तोंडाकडे बोट करून हात हवेत फिरवला. म्हणजे, कुठला तू?"

पत्र संपलं. आबांनी ते हातात घेतलं, उलटं-सुलटं बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मग ते आत गेले. चुलीपाशी भांड्यांचा आवाज झाला. काकू मदतीला धावल्या तर त्यांना हातानेच परत पाठवलं. बाहेर आले तेव्हा एका हातात भाकरी होती, दुसऱ्या हातात दुधाची वाटी, आणि निम्मं दूध धोतरावर सांडलेलं.

ते उंबऱ्यात उभे राहिले. मग म्हणाले, "ये. आधी जेव. देश मागनं सांग."

सुमी पायऱ्या चढून आत आली, मांडी घालून बसली आणि सगळी भाकरी खाल्ली. आबा समोर उकिडवे बसून तिचा एकेक घास बघत होते. वाटी रिकामी झाली तसा त्यांनी तिच्या तोंडाकडे बोट केलं आणि हात हवेत फिरवला.

"देश राहाता," सुमी म्हणाली.

आबांनी डोक्यावरचा पटका काढला आणि त्यात तोंड खुपसलं. मीही तिथेच भिंतीला टेकून रडले, लाज न धरता.

दुपारी म्हादबाने गाडी जुंपली. माझी वळकटी ठेवली आणि तिच्यावर सुमीची छोटी ट्रंक ठेवली. मी आबांकडे बघितलं.

"पोरगी न्या," ते म्हणाले. "पत्र ऱ्हाऊ द्या. मास्तर वाचून दावतील. सुट्टीला दोघीबी या. आन् मास्तरीणबाई, त्यो चीनचा भात मलाबी शिकवा."

पत्र तिथेच राहिलं. किसनरावांचा अजून पत्ता नाही. शनिवारी आम्ही खेळतो तेव्हा नियम तोंडपाठ आहेत, फक्त एक वाढला आहे: दार असो नसो, माणसापाशी थांबायचं.

परवा काकूंचं कार्ड आलं. खुशाली, उसाची तोड, म्हशीला रेडी झाली. शेवटी त्यांनी मास्तरांकडून लिहवून घेतलंय: "आबांनी पुढचं दार रात्रीही लावायचं बंद केलं आहे. थंडी आत येते, घरात सगळे कुरकुरतात. काल मी चिडून विचारलं, तर म्हणाले, किसना आला तर हाक मारनार न्हाई. नुसता भायेर उभा ऱ्हाईल. मीच शिकिवलंय तसं."